मेलेलं विरजण

आश्विन लागला की आमच्याकडे सगळ्यांनाच बरं वाटतं. पाऊस मागे हटतो, भात पिवळं पडायला लागतं, चार महिने ओलसर राहिलेल्या गोधड्या एकदाच्या उन्हात पडतात. मला मात्र या दिवसांत राग येतो. खालच्या वाडीत कडबाकुट्टी सुरू झाली, तिची घरघर आणि मागोमाग चिरलेल्या हिरव्या मक्याचा गोडसर वास चढण चढून माझ्या खळ्यात आला, की हातातलं काम थांबतं आणि दात आवळले जातात. वास वाईट नसतो. उलट इतका चांगला असतो, की त्या वर्षीही तो असाच चांगला होता हे आठवून जास्तच संताप होतो.

यंदा तिसरं वर्ष. आमचे हे मुंबईला एका सोसायटीत सुरक्षारक्षक आहेत. फोनवर मी या विषयावर आले की म्हणतात, झालं गेलं सोडून दे, किती दिवस धरून बसणार. मी सोडत नाही. राग खाली ठेवायचा तर तो कुणीतरी आपला म्हणून उचलायला हवा. आजपर्यंत कुणी उचललेला नाही.

आमचं गाव देवरूखपासून एसटीने पाऊण तासावर, डोंगराच्या उतारावर. वाडीतले बहुतेक पुरुष मुंबईला, त्यामुळे शेतं बायका करतात आणि गुरंही बायकाच राखतात. पाऊस इतका, की गवत छातीएवढं वाढतं, आणि शिमगा झाला की त्याच उतारावर हिरवी काडी शोधून सापडत नाही. मग मिरगापर्यंत गुरांना पेंढा आणि वाळकं गवत. दूध निम्म्यावर येतं. थोडंफार हिरवं उरतं ते खाली पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या कडेला. ते कापायचं, भारा डोक्यावर घ्यायचा आणि चढण चढायची. माझ्या मानेचे दोन मणके त्या भाऱ्यांनी दबलेत, हे मला एक्स-रे धरून दाखवलेलं आहे. म्हणून एका संस्थेची माणसं गावात आली आणि म्हणाली, की हिरवा चारा चिरून, दाबून, हवाबंद पिशवीत भरला तर तो उन्हाळ्यात तसाच ओला, आंबूस, गुरांनी चवीने खावा असा निघतो, त्याला मुरघास म्हणतात, तेव्हा पहिला हात माझा वर गेला. संस्थेचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, असं फक्त तिथेच होतं.

अंगणवाडीत वीस वर्षं रजिस्टरं भरली म्हणून गटाची अध्यक्ष मला केलं. गटात आम्ही नऊ जणी. वयाने मोठी सरूकाकी, माझी शेजारीण. साठी ओलांडलेली, किडकिडीत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नालासोपाऱ्याला. तो तिकडे बोलवायचा आणि ती जायची नाही, कारण गोठ्यात चांदी होती. चांदी तिची गाय. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, म्हणून चांदी. काकीने तिला वासरू असताना माहेराहून चालवत आणली होती, मधे एका ओळखीच्या घरी मुक्काम करून. काकी तिच्याशी दिवसभर बोलायची. त्यात लाडीगोडी काही नसे. गुडघा दुखतोय, पोराचा फोन आला नाही, मीठ संपलं, असं घरातल्या माणसाला सांगावं तसं. चांदी रवंथ करत ऐकायची आणि मधेच शेपटीने माशी हाकलायची. मला वाटतं काकीला तेवढं उत्तर पुरत असे.

मका आम्ही वरकस जमिनीत, भात होत नाही अशा उतारावर केला. कणसात दूध भरलं की कापायचा, असं प्रशिक्षणात सांगितलं. ते लगेच कळलं, भाताच्या दाण्यातही आधी दूधच भरतं. शिकवायला आलेला साहेब तरुण होता आणि सभ्य होता. इस्त्रीचा शर्ट, मऊ बोलणं, प्रत्येक वाक्यात ताई. त्याने चंदेरी पाकिटं दाखवली. प्रत्येकावर योजनेचं मोठं रंगीत स्टिकर. हे औषध, तो म्हणाला. गुळाच्या पाण्यात कालवायचं आणि चिरलेल्या चाऱ्याच्या प्रत्येक थरावर पंपाने मारायचं. औषध मारलं की बुरशी धरत नाही. आम्ही वहीत लिहून घेतलं, औषध.

त्या एका शब्दावर मी आजही चरफडते. औषध म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक होतं. भातावर मारतो ते औषध, आंब्याच्या मोहोरावर मारतात ते औषध. ते पत्र्याखाली राहिलं, कोनाड्यात वर्षभर पडलं, तरी कुणी काळजी करत नाही. ती पाकिटं सगळा उन्हाळा पत्र्याच्या गोदामात होती, असं संस्थेच्या जीपचा ड्रायव्हर माझ्याकडे चहा पिताना सहज बोलून गेला. गोदामात इतकं उकडतं की आत दोन मिनिटं उभं राहवत नाही, असंही म्हणाला. मी त्याला आणखी चहा हवा का विचारलं. मला कशाचाच संशय आला नाही. यायचं कारणच ठेवलं नव्हतं.

चारा भरायच्या दिवशी सकाळी आठला मका कापून आणला, नऊला कडबाकुट्टी सुरू झाली. अकरापर्यंत माझ्या खळ्यात कमरेएवढा ढीग पडला. आता भरायला घेऊ, असं मी म्हटलं, तर साहेबाने थांबवलं. उद्घाटनाला पाहुणे यायचे होते. पहिल्या पिशवीत पहिला चारा त्यांच्या हातून पडायचा होता. रिबीन आणली होती, पिशवीच्या तोंडाला बांधायला. बाराला निरोप आला की पाहुणे निघाले. दोनला आला की जेवायला थांबलेत. आम्ही नऊ जणी धुतलेल्या साड्या नेसून ढिगाभोवती बसून होतो. सरूकाकीने ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तापलाय गो. आतून तापलाय."

मी साहेबाला सांगितलं. तो म्हणाला, थोडा धीर धरा ताई, फोटो नसला की आम्हाला वरती काही दाखवता येत नाही.

पाहुणे चारला आले. मूठभर चारा टाकला, नारळ घेतला, आमच्याबरोबर उभे राहिले, साडेचारला गेले. त्या फोटोत आम्ही सगळ्या हसतोय. मागे तो ढीग दिसतो. मला आता तो फोटो बघितला की ढिगातून वाफ निघताना दिसते. फोटोत तसं काही नाही.

मग भरायला घेतलं. पिशवी छातीएवढी उंच. एकीने आत उतरायचं, बाकीच्यांनी वरून थर टाकायचे, फवारायचं, आणि आतलीने तुडवून हवा काढायची. आत सरूकाकी उतरली. लहानपणी पायांनी भात मळलेली ती एकटीच आमच्यात. साडी गुडघ्यापर्यंत खोचून ती आधी काठाकाठाने फिरायची, मग मधे यायची, मग पुन्हा काठाला. आम्हाला घाई झाली की ओरडायची, थांबा, अजून पाय रुततोय. पाय रुतायचा थांबल्याशिवाय तिने एकही पुढचा थर टाकू दिला नाही. दिवेलागणीला ती शेवटच्या पिशवीतून बाहेर आली तेव्हा मक्याच्या पात्यांनी तिच्या पोटऱ्यांवर बारीक लाल रेघा ओढल्या होत्या. मी खोबरेल तेल आणून दिलं. ती म्हणाली, चांदी उन्हाळ्यात हिरवं खाणार, मग असू देत.

शिमगा झाला. पालखी देवळात परत गेली, चाकरमानी मुंबईला गेले, उतार करपला. आम्ही पिशव्या उघडल्या.

मुरघास कसा निघायला हवा ते मला आता माहीत आहे. पिवळसर हिरवा, हाताला गार, आणि वास ताकासारखा आंबूस, थोडा फळासारखा. आमच्या पिशवीचं तोंड सोडलं तेव्हा आत पांढऱ्या आणि निळसर बुरशीचे गोळे होते, चाऱ्याला चिकटून एकमेकांत गुंतलेले. हात घातला तर कोमट लागलं. पावसाळाभर बंद राहिलेल्या ट्रंकेचा येतो तसा वास. एकेक करत सगळ्या पिशव्या सोडल्या. कुठे कमी, कुठे जास्त, पण बुरशी सगळीकडे.

मी साहेबाला फोन लावला. तो अजिबात गडबडला नाही. वरचं पांढरं काढून टाका, खालचं घाला, थोडीफार बुरशी असतेच, जनावराला काही होत नाही, असं म्हणाला. मी तसं सगळ्यांना सांगितलं. सहा-सात जणींनी मान हलवली. सरूकाकीने खालचा चारा मुठीत घेऊन नाकाशी धरला आणि परत टाकला.

"वास बरा नाय गो. मी चांदीला घालायची नाय."

मी म्हटलं, "काकी, साहेब शिकलेले आहेत. त्यांना जास्त कळतं का आपल्याला?"

हे वाक्य माझं आहे. साहेबाने मला फोनवर जे सांगितलं ते त्याचं, पण हे माझं. काकीने माझ्याकडे बघितलं. मी अध्यक्ष होते, वीस वर्षं तिच्या नातवंडांच्या वयाच्या पोरांना हाताला धरून शिकवलेली बाई होते, माझ्या हातात मोबाईल होता आणि मोबाईलमध्ये साहेब होता. तिने पाटी भरली आणि गोठ्यात गेली.

माझ्या तीन गायींनी तो चारा नाखुशीने खाल्ला आणि आठवड्यात दूध खाली आलं. दोन बायकांनी तिसऱ्या दिवशीच चारा उकिरड्यावर टाकला, मला न सांगता. चांदी सात महिन्यांची गाभण होती. दहाव्या दिवशी दुपारी काकीची हाक आली. मी गेले तेव्हा चांदीचं वासरू पडलेलं होतं. पूर्ण अंग झालेलं, केस यायला लागलेले, कपाळ कोरं. काकी त्याच्या अंगावर पोत्याचा तुकडा घालत होती. चांदी मान एका बाजूला टाकून उभी होती आणि वासराकडे बघत नव्हती.

देवरूखहून जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, दोनदा आल्या. सुया दिल्या, सलाईन लावलं. चांदी खाईना. चौथ्या दिवशी ती गोल गोल फिरायला लागली, गोठ्याच्या खांबाला अंग घासत, एकाच बाजूने. काकी तिच्या पुढे उभी राहून बोलत होती, आपलं रोजचंच काहीतरी. सहाव्या दिवशी सकाळी चांदी बसली ती उठली नाही. डॉक्टरीणबाईंनी पिशवीतला चारा हातात घेऊन बघितला, वास घेतला आणि मला विचारलं, हा कुणी घालायला सांगितला? मी साहेबाचं नाव सांगितलं. स्वतःचं सांगितलं नाही.

त्यानंतर साहेब आला. पाहणी करायला, हातात छापील कागद घेऊन. आम्हाला माझ्या पडवीत बसवलं. वाईट वाटलं म्हणाला, आणि त्याला वाटलंही असेल, मी नाही म्हणत नाही. मग कागदातल्या रकान्यांत बघत त्याने कारण सांगितलं. तुडवणी कमी पडली. हवा राहिली, हवा राहिली की बुरशी येते. पुढच्या वेळी जरा जोर लावा ताई. चारा पाच तास तापत पडला होता, हे मी बोलले, तर म्हणाला, त्याने एवढं होत नाही. आत कोण उतरलं होतं, असं त्याने विचारलं. काकी खांबाला टेकून बसली होती. तिने हात थोडा वर केला, शाळेत करतात तसा, आणि म्हणाली, "मीच. माझंच चुकलं असंल."

साहेबाने ते लिहून घेतलं.

माझ्या रागाला तिथे पहिल्यांदा तोंड फुटलं. चांदी गेली तेव्हा मी रडले होते, घाबरले होते, काकीच्या दाराकडे बघवत नव्हतं. राग आला नव्हता. जिच्या पोटऱ्या सोलून निघाल्या, जिने ढीग तापल्याचं सगळ्यांत आधी सांगितलं, जिने वास बरा नाही म्हणून चारा परत टाकला, तिनेच हात वर करून चूक पदरात घ्यावी, आणि एका शिकल्या-सवरलेल्या माणसाने ती खाली मान घालून लिहून घ्यावी, हे मला सहन झालं नाही. त्या वेळीही मी गप्पच बसले. त्याचाही राग आहे.

दुसऱ्या दिवशी मी उरलेलं एक पाकीट घेऊन देवरूखला दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे औषध खोटं होतं का? त्या म्हणाल्या, "हे औषध नाहीच. यात जिवंत जिवाणू असतात. तुम्ही दुधाला विरजण लावता ना, तेच काम. चाऱ्यातली साखर खाऊन ते आंबट करतात आणि आंबट झालं की बुरशीला जागा राहत नाही. पण जिवंत असतील तर." पाकिटावरचं स्टिकर त्यांनी नखाने सोलून काढलं. खाली बारीक इंग्रजी अक्षरं होती. थंड जागी ठेवा. उन्हापासून जपा. क्लोरीन घातलेलं पाणी वापरू नका. आणि वापरायची शेवटची तारीख, जी आमच्या उद्घाटनाच्या आधीच उलटून गेली होती. सगळं स्टिकरच्या खाली.

विरजण. मी तिथे बाकावर बसले. विरजण हा शब्द आम्हा नऊ जणींपैकी कुणालाही समजावून सांगावा लागला नसता. कढत दुधात विरजण घातलं की दही लागत नाही, हे आमच्याकडे दहा वर्षांच्या मुलीला कळतं. शेजारणीकडून वाटीभर विरजण आणताना आम्ही त्यावर पदर धरतो. कुणी एकाने, एकदा, तो एक शब्द उच्चारला असता, तर ड्रायव्हरच्या तोंडून पत्र्याचं गोदाम ऐकताच मी चहाची किटली खाली ठेवली असती. आमच्या विहिरीत पावसाळाभर जंतू मारायची टीसीएल पावडर पडते, तिचं पाणी मी घेतलं नसतं. आम्हाला समजणार नाही असं धरून त्यांनी सोपा शब्द दिला, आणि तो खोटा होता. आम्हाला जे जन्मभर समजत होतं तेच आमच्यापासून झाकलं.

डॉक्टरीणबाईंनी फ्रिजमधलं त्यांचं एक ताजं पाकीट दिलं. घरी येऊन मी दूध उकळून कोमट केलं आणि तीन स्टीलच्या डब्यांत ओतलं. एकात आमच्या पाकिटातली चिमूट, एकात ताज्या पाकिटातली, एकात काहीच नाही. झाकणं लावून चुलीजवळ ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी ताज्या पाकिटाचा डबा आंबला होता, कडेने दूध फाटायला लागलं होतं. बाकीचे दोन चवीला आणि वासाला सारखे. ही काही प्रयोगशाळेतली तपासणी नव्हे, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं. पण मला दूध कळतं.

तिन्ही डबे पिशवीत घालून मी पुढच्या एसटीने परत देवरूखला गेले, संस्थेच्या कचेरीत. टेबलावर मांडले आणि साहेबाला वास घ्यायला लावला. त्याने घेतला. मी सोललेलं स्टिकर आणि तारीख दाखवली. तो म्हणाला, तारखेनंतरही काही दिवस चालतं. मग म्हणाला, गाय त्या चाऱ्यानेच गेली हे सिद्ध झालेलं नाही. त्यात तो चुकत नव्हता. डॉक्टरीणबाईंनीही दाट शक्यता एवढंच म्हटलं होतं, तपासणीला नमुना गेला नव्हता.

मी म्हटलं, "मग तुडवणी कमी पडली हे कुठे सिद्ध झालंय? ते तर तुम्ही लिहिलंत."

रिपोर्ट वर गेलाय, आता माझ्या हातात नाही, असं तो म्हणाला. आणि ताई, तुम्ही जरा भावनेच्या भरात आहात, चहा घ्या. मी चहा घेतला नाही. समाधानकारक लाभ मिळाला, अशा छापील कागदावर अध्यक्षाची सही हवी होती, तीही केली नाही. डबे उचलले, स्टँडवर येऊन बसले. एसटीला वेळ होता. बाजूच्या बाईने विचारलं, दही का? मी हो म्हटलं.

काकीने त्यानंतर गाय घेतली नाही. मुलगा न्यायला आला तर तिकडे गेली, महिन्याने परत आली. आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा मुरघास केला. माझ्या हट्टाने केला, आपला आपण, पाहुणे आणि रिबीन यांच्याशिवाय. पाकिटं मी स्वतः आणते, बर्फ घातलेल्या दुधाच्या किटलीत, आणि त्याच दिवशी वापरते. चिमूटभर आदल्या दिवशी दुधात टाकून बघते. पाणी विहिरीचं घेत नाही, पऱ्याचं आणते. मका चिरायला लागला की कुणासाठी थांबत नाही. मुरघास चांगला होतो. माझ्या गायी पाटी खाली ठेवायच्या आधीच तोंड घालतात. खालच्या वाडीतल्या बायका मला बोलावतात आणि मी सगळ्यांत आधी सांगते, हे औषध नाही. आमची सरूकाकी मात्र पिशवीत उतरत नाही. पाला आणून देते, दोऱ्या कापून देते. आत उतर म्हटलं की म्हणते, माझे पाय आता हलके पडतात.

गेल्या आठवड्यात संस्थेतून फोन आला. नवीन मुलगी होती, तो साहेब दुसऱ्या जिल्ह्यात गेला म्हणे. तुमच्या गटाचा मुरघास खूप छान होतो असं कळलं, आम्हाला तुमच्यावर छोटी फिल्म करायची आहे, असं ती म्हणाली. आवाज गोड होता. मी काही बोलायच्या आत ती फाईल चाळत म्हणाली, म्हणजे पहिल्या वर्षी तुमच्याकडून तुडवणी कमी पडली, एक जनावर दगावलं, आणि मग प्रशिक्षणामुळे सुधारणा झाली, अशी गोष्ट दाखवता येईल.

अजून तेच. आम्ही त्यातून बाहेर आलो, गायी व्यायल्या, दोन पावसाळे गेले, आणि फाईलमध्ये अजून सरूकाकीचे पाय. मी त्या मुलीला शांतपणे सगळं सांगितलं, स्टिकरपासून तीन डब्यांपर्यंत. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, मला हे माहीत नव्हतं, पण जुना रिपोर्ट बदलायचा अधिकार मला नाही. मी म्हटलं, मग फिल्मही नको.

फोन ठेवला आणि मला सुचलं की एक वही माझ्याही ताब्यात आहे. गटाची इतिवृत्ताची वही. सभा झाली की तिच्यात मी लिहिते आणि सगळ्या सह्या करतात. त्या वर्षीच्या पानावर मी काय लिहिलं होतं ते बघितलं. मुरघास खराब झाला. चर्चा झाली. एवढंच. वीस वर्षं रजिस्टरं भरलेल्या बाईने एवढंच लिहिलं होतं.

रविवारी दुपारी बाकीच्या आठ जणींना पडवीत बोलावलं. कारण सांगितलं आणि वही उघडून त्यांच्यासमोरच लिहायला बसले. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचलं. चारा पाहुण्यांसाठी पाच तास तापत पडला, त्या वेळी तो तापल्याचं सरूकाकीने सांगितलं होतं. जिवाणूंची पाकिटं तारीख उलटलेली होती आणि ती तारीख झाकलेली होती. तुडवणी सरूकाकीने केली आणि ती चोख होती. नंतर बुरशीचा वास तिने ओळखला, चारा घालायला नको म्हणाली, तरी अध्यक्षांनी, म्हणजे मी, तिला तो घालायला लावला. त्यानंतर तिची गाय गेली.

शेवटचं वाक्य मी वहीतून मान वर न करता वाचलं. राग होता की लाज, मला सांगता येणार नाही. काकी म्हणाली, तुडवणीचं परत वाच. मी परत वाचलं. मग ती म्हणाली, तुझं तेवढं खोड, तू काय मुद्दाम केलंस. मी खोडणार नाही म्हटलं. तिने आग्रह केला नाही. पेन मागून घेतलं, सहीच्या जागेवर टेकवलं आणि थांबली.

"नुसती गाय नको लिवू गो," ती म्हणाली. "चांदी लिव."

मी तिच्या हातातून पेन घेतलं, गाय या शब्दावर रेघ मारली आणि वर चांदी लिहिलं. काकीने वही डोळ्यांजवळ नेऊन ते बघितलं. मग एकेक अक्षर जुळवत पूर्ण नावाने सही केली.